एक जुलैचा जन्म

"गुरुजी, अंकुशचं पाकीट गेलं! चोरीले गेलं!"

किसनरावांचा फोन आला तेव्हा दाढी करताना आनंदराव गुरुजींचा एक गाल झाला होता, दुसऱ्याला साबण होता. साबण पुसून ते तसेच निघाले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सिंदीत कुणाची शेळी हरवली तरी बोलावणं गुरुजींनाच. आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते आवडायचं.

प्रकरण मात्र शेळीचं नव्हतं. अमेरिकेत किसनरावांच्या थोरल्या मुलाची, अंकुशची, नोकरी गेली होती. नोकरी गेली की तिच्यावरचा व्हिसाही गेला. साठ दिवसांत दुसरी सोय लावा, नाहीतर देश सोडा. सोय होती. बायको समीक्षा तिकडचीच नागरिक, म्हणून लग्नाच्या आधारावर ग्रीन कार्डाचा अर्ज करता येत होता. त्याला जन्माचा दाखला हवा. सिंदीच्या दप्तरात नोंदच नाही. म्हणून तसं पत्र आणि त्याच्या आईचं, देवकाबाईंचं, शपथपत्र परवा वर्ध्याहून करून आणलं. फोटो काढून पाठवायच्या आधीच त्या कागदांचं पाकीट आलमारीतून गायब! मुदतीचे अकरा दिवस उरले होते.

"कुलूप तुटलं?" गुरुजींनी विचारलं.

"नाई," किसनराव म्हणाले.

"सोनं, पैसे?"

"जिथल्या तिथं."

"चावी?"

"हिच्या कमरेले. दुसरं शपथपत्र करू म्हटलं, तं हिले तापच आला!"

धाकटा प्रफुल्ल दारातच उसळला. "गुरुजी, मले सरळ इचारा ना. दादाले परत येऊ द्या, दोघं मिळून वावर करू, असं मी म्हटलं होतं. पण चोर नाई मी."

"आईची चावी कधी घेतली होती?"

"बाप्पा! साधा रुमाल मागतला तरी ते सोता उठून काढून देते."

गुरुजी उठले. गव्हाच्या कोठीपाशी कडुलिंबाची चार पानं पडली होती. हिरवीगार.

"वहिनी, पाला कायले तोडला?"

"सोंडे लागले गव्हाले," देवकाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"अंकुशचा जन्म कुठचा?"

"घरीच झाला. दवाखान्यात नाई."

उत्तर फार झटकन आलं. चोर त्यांना कळला होता. आणि त्याच्यामागे कोण उभं आहे, तेही कळू लागलं होतं. क्षणभर वाटलं, नाही सापडलं म्हणावं आणि घरी जावं. लाज वाटली त्यांना स्वतःची.

"प्रफुल्ल, कोठीत हात घाल."

कोपरापर्यंत हात गेला आणि पाकीट वर आलं. प्लास्टिकच्या पिशवीत, पाल्यात गुंडाळलेलं.

"देवके!" किसनराव ओरडले.

"थांबा, किसनराव. गव्हात पाला वैशाखात घालतात, तोही वाळवून. ओला घातला तं गहू सडते, हे वहिनीले मी सांगावं? हा पाला कागदाले कसर लागू नये म्हणून होता. चोरानं कागद फाडले नाई, जाळले नाई, जपून ठेवले. परक्याले एवढी माया कुठची?"

"पण काऊन लपवले?" किसनरावांनी विचारलं.

"पहिलं बाळंतपण कोणती बाई सासरी करते? वहिनीचं माहेर केळझर. नोंद तिथं असन. तुम्ही बापाचं गाव म्हणून सिंदीतच धुंडत बसले."

"मले काय मालूम, नोंद तिथं असते म्हणून! म्या तारखा कधी पाहिल्या?" किसनराव मटकन बसले.

देवकाबाईंनी पदर तोंडाला लावला. "हाये नोंद. माह्या बाबानं केलती. पण ते पोळ्याची हाये, एका वर्षानं पुढची. शाळेतला एक जुलै नाई तो. अन् म्या सायबापुढं शपथेवर एक जुलै म्हटलं. खोटी शपथ पोराले लागते, गुरुजी. आधीच त्याची नोकरी गेली. आणखी काय लावू त्याले?"

"मंग शाळेत एक जुलै सांगतला कोणं?" प्रफुल्लने विचारलं.

देवकाबाई पदराचं टोक पिळू लागल्या. त्यांनी मान वर केली नाही.

"म्या," गुरुजी म्हणाले. "त्या वर्षी पट भरत नव्हता. एक पोरगा कमी पडे, अन् माही जागा जाये. वहिनी म्हणत होत्या, पोरगा लहान हाये, पुढच्या साली आणतो. म्या आयकलं नाई. वर्ष वाढवून लिवलं. तेच दाखल्यावर गेलं, तेच पासपोर्टावर."

"तुमीच शिकवलं त्याले," देवकाबाई पुटपुटल्या. "तुमचं नाव कसं घ्यावं?"

गुरुजींना तिथे उभं राहवेना. पण पळायचं तरी कुठे? त्यांनी अंकुशला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"केळझरचा खरा दाखला आजच काढतो. तारीख कशी बदलली, ते मी शपथेवर लिहून देतो. लपवू नको काही, वकिलाले आधी सांग. निभते का नाई, ते तो सांगन."

अंकुशने आधी विचारलं ते वेगळंच. "गुरुजी, तुमच्या पेन्शनचं काय?"

"तवा माही नोकरी तुह्यावर राहिली, बाबू. आता पेन्शन कायले मधात आणतो?"

"म्हणजे मी एका वर्षानं लहान हाये?"

"हो. ते वर्ष म्या चोरलं होतं," गुरुजी म्हणाले.

देवकाबाई उठल्या. आलमारी उघडून त्यांनी धुतलेलं लुगडं काढलं.

"ताप?" किसनरावांनी विचारलं.

"उतरला. केळझरले येतो मी बी. आता खरं सांगाचं हाये ना?"