पुऱ्यांखालचे डॉलर

मुंबई विमानतळावरून फोन आला तेव्हा वैष्णवी मेटकरी नुकतीच कार्यालयात येऊन बसली होती. दुबईला निघालेल्या एका मजुराच्या डब्यात पुऱ्यांखाली डॉलरच्या गड्ड्या सापडल्या होत्या. मुलगा मंगळवेढ्याकडचा, नाव सिदू हाके.

“म्हणतो काय?” सोलापूरच्या या सीमाशुल्क अधिकारी बाईंनी विचारलं.

“एकच. पुऱ्या आईच्या, नोटा माझ्या.”

डॉलर नेणं हा गुन्हा नव्हे. परवानाधारकाकडून घ्यायचे, पावती जवळ ठेवायची, मर्यादा पाळायची. सिदूकडे पावती नव्हती आणि रक्कम मर्यादेच्या फार पुढे होती. तुरुंग समोर दिसत असून तो दुसरं नाव घेत नव्हता.

मोबाइलवर फोटो आले. तिखटमिठाच्या पुऱ्या, वाफेने एकमेकींना चिकटलेल्या. तळाच्या गड्ड्यांवर नुसता एक कागद. वरच्या नोटा दमट, तेलकट.

दुपारी ती गावात पोचली. सिदूचा बाप बिरुदेव ओसरीवर बसला होता. डोकं, मिशा, सगळं तासलेलं. त्याची आई, म्हणजे सिदूची आजी, त्याच आठवड्यात गेली होती. विमानाचं तिकीट बदलता आलं नाही, म्हणून पोरगं निघालं होतं.

शेजारी त्याचा चुलतभाऊ रामहरी, त्याचंही डोकं गुळगुळीत. सिदूला दुबईची नोकरी यानेच लावून दिली होती, त्यामुळे गावाचा संशय त्याच्यावर. आपण व्हिसाचं कमिशन घेतो, डॉलर डोळ्यांनी बघितलेला नाही, असं तो मान वर न करता सांगत राहिला.

आत सिदूची आई फुलाबाई बिनफोडणीचं वरण ढवळत होती.

“मावशी, सिदूला डब्यात काय दिलंत?”

“भाकरी आन् चटणी.”

“पुऱ्या नाहीत?”

फुलाबाईचा हात थांबला. “बाईसाहेब, आमच्या घरात काय झालंय ते बघताय न्हवं? मग असं कसं इचारता?” मग हळूच म्हणाली, “माझं लेकरू सुटंल का?”

सोलापुरात सिदूचं कोण आहे, एवढंच वैष्णवीने विचारलं.

नवी पेठेत जोतिरामचं प्रवासी बॅगांचं दुकान होतं, वर घर. त्याची बायको पूनम, सिदूची थोरली बहीण. सिदू इकडे आलाच नव्हता, असं दोघांनीही वरच्या खोलीत बसून सांगितलं.

“त्याची एसटी दुपारी आली, रेल्वे संध्याकाळची होती,” वैष्णवी म्हणाली. “मधल्या वेळात तो इथे जेवला. पुऱ्या इथल्या.”

“पुऱ्या कुठंही मिळतात, मॅडम,” जोतिराम हसला. “आमच्या रामहरीकाकाला विचारा की.”

“रामहरी भावकीतला. तिथे सगळ्यांना सुतक आहे. सुतकात कढई चढत नाही. आईचं नाव सांगताना सिदू हे विसरला. लग्न होऊन गेलेल्या लेकीला मात्र आजीचं सुतक नसतं. तुमच्या घरात तळण चालत होतं.”

जोतिरामचं हसू गेलं. बॅगांच्या धंद्याआड तो विनापावती डॉलर फिरवायचा, हे त्याने अखेर कबूल केलं. नोटा आपण गुपचूप ठेवल्या, बायकोला यातलं काही ठाऊक नाही, असंही लगेच जोडलं.

“सिदूलाही तसंच वाटतं,” वैष्णवी म्हणाली. “बहिणीचा संसार मोडू नये म्हणून तो गप्प आहे. पण पुऱ्या कढईतून निघाल्या तशा डब्यात गेल्या, म्हणून वाफ धरली आणि नोटा तेलकट झाल्या. गड्ड्या आधी तळाशी होत्या. वर नुसता कागद. पुऱ्या रचणाऱ्या हाताला ते दिसलं नाही, असं होणार नाही. डबा कुणी भरला, पूनमताई?”

पूनमने नवऱ्याकडे पाहिलं नाही.

“कामगार माणूस,” ती म्हणाली. “त्याच्या डब्यात कोण हात घालणार होतं?”

खाली गिऱ्हाईक कुणालातरी हाका मारत होतं.

“मला ठाऊक होतं, हे सिदूला सांगितलंत?” पूनमने विचारलं.

“अजून नाही. आज सकाळीही मुंबईच्या साहेबांनी त्याला विचारलं, नोटा कुणाच्या. त्याने आपलंच नाव सांगितलं.”