भारवाटप

अर्जावर हेमांगीने लिहिलेलं नाव वाचून डॉ. मंदाकिनी घैसासांनी चष्मा काढला.

"डॉ. शिरीष बोंद्रे? तुमचे नातेवाईक?"

"नाही. गावाकडचे आमचे डॉक्टर."

कर्करोग झालेल्या मुलांच्या आईबापांना आता नुसतं 'धीर धरा' म्हणून कुणी परत पाठवत नसे. आठवण आणि तिला चिकटलेली भीती मेंदूत वेगवेगळ्या जागी साठते, हे कळून दहा वर्षं झाली होती. घैसासबाईंच्या यंत्राने ती भीती उचलून दुसऱ्या, राजी असलेल्या माणसाच्या मेंदूत ठेवता येई. याला म्हणायचे भारवाटप. आठवण आईकडेच राही. तिची धग दुसरा सोसे. बहुतेक जणी बहिणीला नाहीतर मैत्रिणीला आणत.

"एका बैठकीत एकच आठवण. जास्त दिल्या, तर भीतीबरोबर आणखी काय निघून जाईल, सांगता येत नाही," घैसासबाईंनी बजावलं. "यंत्राची टोपी घातल्यावर ज्याचा विचार कराल, ते जाईल. परत हवं असेल, तर घेणाऱ्याने आपखुशीने द्यायला हवं. मला हिसकावून घेता येत नाही."

हेमांगीने मान डोलावली. आठ वर्षांच्या मुग्धाचा पाय दुखायला लागला, तेव्हा चार महिन्यांत ती पाच वेळा बोंद्र्यांकडे गेली होती. शेवटच्या खेपेला भरल्या दवाखान्यात ते हसून म्हणाले होते, "वाढीचं दुखणं आहे हो. पोरीपेक्षा आईलाच औषध द्यायला हवं." बाकावरची माणसंही हसली होती. हाडाचा कर्करोग निघाला, तोवर तो फुप्फुसापर्यंत पोचला होता.

बोंद्रे आले. खाली मान घालून समोर बसले.

"ताई, मीच का?"

"माझी भीती तुम्हाला उगाचची वाटली होती ना? घेऊन बघा."

त्यांनी सही केली.

टोपी डोक्यावर बसली, आणि हेमांगीने पथ्य झुगारलं. रिपोर्ट हातात आला ती दुपार. उशीवर गळून पडलेले केस. सुईसाठी शीर सापडेना, तेव्हा पोरीने फोडलेला टाहो. पार मागे, जन्मल्यावर ती रडली नव्हती ते अर्धं मिनिट. एकामागून एक तिने सगळं त्या माणसाच्या डोक्यात ओतलं. बोंद्रे आधी कण्हले, मग 'माझी पोर, माझी पोर' म्हणत खुर्चीतून कोसळले. यंत्र थांबवायला घैसासबाईंना मिनिटभर लागलं. तेवढं पुरलं.

हेमांगी बघत राहिली. कित्येक महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मुग्धाला ताप भरला. केमो चालू असताना ताप म्हणजे धोका, हे हेमांगीला पाठ होतं. थर्मामीटरवर एकशे दोन दिसलं. नर्सला सांगायला हवं, हेही सुचलं. पण घाई कसली, ते कळेना. ती मोसंबं सोलत राहिली.

दार ढकलून बोंद्रे आत आले. तीन दिवस ते रुग्णालयाच्या व्हरांड्यातच होते. मुग्धाच्या कपाळाला हात लावताच ते ओरडत नर्सकडे धावले. औषध सुरू झालं. "आणखी तासभर गेला असता, तर अवघड होतं," नर्स म्हणाली.

हेमांगीने बोंद्र्यांना बाजूला घेतलं.

"माझं मला परत द्या."

"नाही ताई." त्यांचे डोळे सुजले होते. "ही भीती गेली, तर मुग्धा मला पुन्हा रांगेतली एक पेशंट होईल. तसं मी होऊ देणार नाही."

"आणि मला ती कोण झाली, डॉक्टर?"

ते मुग्धाच्या खाटेकडे वळले. घैसासबाईंनीही हात टेकले.

संध्याकाळी मुग्धाने डोळे उघडले आणि बोंद्र्यांचं बोट धरलं. "काका, जाऊ नका." ते तिच्या उशाशी बसून रडत होते. हेमांगीने मुलीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. आत काहीच हललं नाही. राग तेवढा होता. तो तिने टोपीखाली दिला नव्हता.