गुडघ्याचा टेकू

पहिल्याच दिवशी त्या गाडीने धम्मदिनाला मारलं.

राहनाळच्या गोदामातली तिची ड्युटी संपली होती, रिक्षावाले संपावर होते, आणि ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. तेवढ्यात एक जुनी पांढरी गाडी शेजारी येऊन थांबली. आत बुद्धभूषण. स्टॉक विभागात नुकताच लागलेला, कमी बोलणारा, आणि बोललाच तर समोरच्याच्या बुटांकडे बघून बोलणारा.

"मॅडम, कशेळीला ना? मी पुलापलीकडेच जातोय."

ती पुढे बसली. गाडी पहिल्या खड्ड्यात गेली आणि डॅशबोर्डच्या कप्प्याचं झाकण धाडकन तिच्या गुडघ्यावर आदळलं.

"लागलं?" त्याचा चेहरा पांढराफटक.

"सगळ्यांचं असंच स्वागत करता का?"

"लॉक तुटलंय त्याचं. जरा गुडघ्याने दाबून धराल? म्हणजे... मीच धरलं असतं, पण गिअर..."

"तुम्ही गिअरच धरा."

तिने झाकणाला गुडघा टेकवला. मग वर्षभर तो गुडघा रोज संध्याकाळी तिथेच राहिला.

भिवंडी-ठाणे रस्त्याला सगळं जग शिव्या घालतं. धम्मदिनाने त्या वर्षात एकही घातली नाही. काल्हेरला कंटेनर आडवा झाला की बाकीचे हॉर्न बडवत बसायचे, आणि ही बाई मनातल्या मनात त्या ड्रायव्हरला दुवा द्यायची. तेवढीच गाडी जास्त वेळ उभी राहायची. खिडकीतून कुठल्यातरी लूमची खटखट यायची, धूळ यायची, आणि तो हळूच काच वर करायचा... फक्त तिच्या बाजूची.

तो तिला आवडत होता. आवडत होता म्हणजे काय, तर शनिवारी संध्याकाळी कशेळीला सोडून गेला की सोमवारपर्यंत तिला घर खायला उठायचं. पण बोलणार कशी? ती डिस्पॅचची इन्चार्ज, तो तिच्या हाताखाली नसला तरी दोन पायऱ्या खाली. वयानेही ती दीड वर्षाने मोठी. गोदामातल्या तोंडांना हात कोण लावणार? आणि धीर करून बोललं नि तो 'मॅडम, तुमचा गैरसमज झाला' म्हणाला, तर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा शेअर रिक्षा. त्यापेक्षा गुडघा टेकवून गप्प बसलेलं काय वाईट, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तो कागदाचं पुडकं घेऊन आला.

"मॅडम, जरा मोबाईलचा टॉर्च धराल? झाकण बसवून टाकतो."

"आज बरी आठवण झाली."

"रविवारी गणेशपुरीला जायचंय." तो पुडकं सोडत राहिला. सोडण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं. "मोठ्या बहिणीने, आक्काने, एक स्थळ आणलंय. ती पुढे बसणार. म्हणते, पोरगी बघायला जाताना माझे गुडघे फुटायला नकोत."

धम्मदिना हसली. अशा वेळी हसायचंच असतं.

"बरोबर आहे त्यांचं."

आधी कप्पा रिकामा करावा लागला. गाडीचे कागद, एक फडकं, आणि मग एकेक करत तिच्याच वस्तू. बामची डबी. केसांचे चाप. ओढणीच्या पिना. खोकल्याच्या गोळ्या. हिवाळ्यात विसरलेला स्कार्फ, तोही नीट घडी करून ठेवलेला.

"हे सगळं तुमचंच दिसतंय," तो म्हणाला.

"हो... काढून घेते."

तिने ते सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत भरलं. बिऱ्हाड हलवावं तसं. वर्षभरात आपण इथे एवढा संसार मांडला आणि आपल्यालाच कळलं नाही.

त्याने झाकण खाली काढलं, तुटकं लॉक उपटलं, नवं बसवायला घेतलं. ती सीटवर ओणवी होऊन उजेड धरत होती. त्याच्या कानामागे घाम आला होता. ओढणीने टिपावा एवढ्या अंतरावर.

"टॉर्च हलतोय, मॅडम."

"गाडी हलतेय."

"गाडी बंद आहे."

लॉक आकड्यात नीट बसेना, तेव्हा तीच म्हणाली, "खाली वॉशर टाकून बघा." त्याने टाकला.

"कल्याण नाक्याचा दुकानदार हसला मला," स्क्रू आवळता आवळता तो म्हणाला. "बोलला, भाई, दस मिनट का काम है, साल भर से क्या कर रहे थे?"

"मग काय करत होतात?"

"वेळ नाही मिळाला."

"दहा मिनिटं?"

"नाही मिळाली." त्याचे कान लाल झाले होते. की ऊन लागलं होतं... तिला ठरवता येईना.

झाकण टक्‌ आवाज करून बंद झालं. त्याने पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. काम चोख झालं होतं. दोघांनाही त्याचं कौतुक वाटायला हवं होतं, पण दोघेही त्या झाकणाकडे बघत नुसते उभे राहिले.

संध्याकाळी ती मांडीवर पिशवी घेऊन बसली. गाडी निघाली. पहिला खड्डा आला.

"मॅडम... गुडघा."

"काय?"

"टेकवलाय तुम्ही. आता गरज नाही."

तिने खाली बघितलं. गुडघा आपला आपण वर गेला होता. तिने तो मुकाट्याने खाली घेतला. पुढच्या खड्ड्याला तो पुन्हा वर. या वेळी त्याने फक्त गाडी हळू केली.

काल्हेरला नेहमीसारखा कंटेनर अडकला. त्याने इंजिन बंद केलं. धम्मदिनाला रविवार दिसायला लागला. आक्का ऐटीत पुढे बसलेली. मग पोहे, मग चहा, मग होकार. का देणार नाही होकार, असल्या मुलाला? मग एक दिवस ती मुलगी इथे बसेल, पाय पसरून, आरामात. तिला काही धरून ठेवावं लागणार नाही. आज गप्प बसलं तर जन्मभर गप्प बसावं लागेल, हे तिला लख्ख कळलं.

"रविवारी जाऊ नकोस."

बोलून गेली, आणि मग ते तिलाच ऐकू आलं. नकोस. वर्षभर या, बसा, थांबा करणारी ती.

त्याने वळून पाहिलं. बुटांकडे नाही, सरळ तिच्याकडे.

"ही डिस्पॅचची ऑर्डर आहे का?"

"नाही." तिचा आवाज चिरकला. "ऑर्डर असती तर 'नका' म्हटलं असतं."

मग त्याने मोबाईल काढला आणि स्पीकर लावला.

"आक्का, रविवारचं नको."

"का रं? मी त्यान्ला सांगून बसलेय. पोरगी चांगली हाय."

"असेल. पण माझी बघून झालीय."

"कवा?"

"वर्ष झालं."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "वर्ष? आन् आता सांगतोस? तिला तरी ठाव हाय का?"

"आत्ताच कळलंय. इथंच आहे, ऐकतेय."

"मंग माझ्याशी काय बोलतोस, दे तिच्याकडं."

दिवसभर ट्रकवाल्यांना दमात घेणाऱ्या धम्मदिनाने तो फोन दोन्ही हातांनी धरला.

"जय भीम, आक्का."

"जय भीम." मग जरा थांबून, मऊ आवाजात, "नाव काय गो तुझं?"

"धम्मदिना. घरी... दिना म्हणतात."

पुढचा कंटेनर केव्हाच हलला होता. मागचे हॉर्नवर हॉर्न वाजवत होते, आणि बुद्धभूषण गाडी सुरू करायची विसरून ते नाव ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होता.