यादीतले वास

'चंदनबन' सोसायटीत सुके बोंबील भाजायला आता बंदी नव्हती. भाजा, तळा, खुशाल करपवा! वास कुणालाच येत नसे. भाजणाऱ्यालासुद्धा नाही.

ही किमया गंधकुलपाची. माणसाच्या नाकात शेकडो प्रकारच्या ग्राही पेशी असतात आणि ठरावीक वासाचे कण ठरावीक पेशींनाच जाऊन चिकटतात. सोसायटीच्या सामाईक हवानळीतून येणारं न दिसणारं धुकं या पेशींवरच्या जागा आधीच अडवून बसे. वास नाकापर्यंत येई, पण मेंदूला त्याचा पत्ताच लागत नसे. कुठले वास अडवायचे, त्याची यादी कमिटी करी. म्हणजे तुमचं नाक तुमचं, पण त्यातून काय हुंगायचं ते ठरवणार कमिटी!

रेवती नाखवाचं पाच वर्षांत त्या वासांवाचून काही अडलं नव्हतं. पण महिन्यापूर्वी तिची आई हिराबाय रेवदंड्याहून तिच्याकडे राहायला आली. म्हातारीला विसरण्याचा आजार. जेवायची वेळ झाली हेही तिला आठवत नसे, पण बोंबलाचा वास सुटला की ती आपणहून येऊन पानावर बसे. इथं वास येईच ना. घास पुढे केला की "आताच जेवले ना गो," म्हणून तोंड फिरवी. महिन्याभरात तिची चोळी अंगावर लोंबायला लागली.

रेवती तणतणत सोसायटीच्या ऑफिसात गेली. सेक्रेटरी धामणकर आणि यंत्रणेच्या तपासणीला आलेले गंधतज्ज्ञ डॉ. केळुसकर चहा पीत बसले होते.

"माझ्या घरापुरतं ते धुकं बंद करा."

"नळी सामाईक आहे हो. एका घरापुरतं नाही होत बंद," डॉक्टर म्हणाले.

"मग सगळीकडे बंद करा! माझी आई उपाशी मरतेय!"

"ठराव झालाय, मॅडम," धामणकर म्हणाले. "वार्षिक सभेत."

"कुठली सभा? कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब केलीत आणि त्याच खुर्च्यांवर तुम्ही सातजणांनी पुन्हा भरवलीत, ती?"

"नियमात बसतं ते. आपण का नाही आलात?"

रेवतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आग लागो तुमच्या नियमांना! नेते मी तिला भावाकडे."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "आईंना जरूर न्या. त्यांचं नाक दोन दिवसांत मोकळं होईल. तुम्ही इथं किती वर्षं आहात?"

"पाच. का?"

"नाकातल्या पेशी सारख्या मरतात, नव्या येतात. नव्या पेशीला तिचा वास कधी मिळालाच नाही, तर ती बहुधा टिकत नाही. म्हणजे, असा आमचा अंदाज आहे."

"अंदाज? आमच्या नाकांवर अंदाज करत बसलात होय?"

डॉक्टरांनी गार झालेला चहा पुन्हा उचलला.

चार दिवसांनी रेवदंड्याला, भावाच्या पडवीत, रेवती चुलीवर बोंबील ठेवून समुद्राकडे बघत बसली होती. आतून हिराबाय ओरडत आली, "अगो करपलं! वास नाय येत काय गो?"

आणि कुणी न सांगता ती पान मांडून बसली. करपलेलेच बोंबील मिटक्या मारत खाल्ले तिनं. रेवतीला रडू आलं. तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. आईच्या पदराला कायम मशेरीचा वास असायचा, लहानपणी तो हुंगतच तिला झोप लागायची. तिनं खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. काहीच नाही. मशेरी तर यादीत नव्हती!

तिनं धामणकरांना फोन लावला.

"मशेरी ना? 'वृद्धांच्या खोलीचे वास' या सदरात घातली की. मशेरी, बाम, डोक्याचं तेल... झाली दोनेक वर्षं. येत्या सभेत कार्योत्तर मंजुरी घेतोय."

"कुणाला विचारून घातलीत?"

"अहो, कुणाची तक्रारच आली नाही. तुमचीसुद्धा नाही."

खरंच नव्हती. महिनाभर आई तिच्या कुशीला झोपत होती, आणि रेवतीला काही चुकल्यासारखंही वाटलं नव्हतं.