हर्षनगरात कुणीच हरवत नाही

हर्षनगरच्या प्रवेशद्वारावर एक फलक झळकत होता. त्यावर एकच ओळ होती : 'गेल्या चार वर्षांत हरवलेली मुलं : शून्य.'

ऋजुताने ती ओळ तीनदा वाचली. आदल्याच दिवशी तिने समोरच्या गंमतगडात खडूने लिहिलेला एक फळा पाहिला होता. 'आज हरवली : नऊ. सापडली : नऊ.' दोन्ही उद्यानं एकाच पठारावर, दोन्हीकडे रोजची सात-आठ हजारांची गर्दी, आणि मुलं तर इथूनतिथून सारखीच, हात सोडून पळणारी. मग तिकडे एका दिवसात नऊ आणि इकडे चार वर्षांत एकही नाही, हे कसं काय?

ऋजुता फणसे ही सहावीतली मुलगी. वहीत रकाने आखल्याशिवाय ती आंब्याची फोडसुद्धा तोंडात टाकत नसे. कोणता आंबा किती गोड, हे आधी वहीत आणि मग पोटात. सामंतबाईंनी दिवाळीच्या सुट्टीत 'कोणत्याही दोन गोष्टींची तुलना करा' असा प्रकल्प दिला, तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांनी दोन साबण नाहीतर दोन पेन्सिली निवडल्या. हिने निवडली दोन मनोरंजन उद्यानं, एकमेकांची कट्टर वैरी. पाळणे कसे आहेत, रांग किती लांब, तिथले लोक आणि यंत्रमानव पाहुण्यांशी कसे वागतात, हे सगळं मोजायचं आणि सरस कोण ते ठरवायचं. सोबत होता पाच वर्षांचा धाकटा भाऊ तेजू आणि होती कुमुदआजी.

कुमुदआजी म्हणजे आईची मावशी. तिने चौतीस वर्षं वजनमापं तपासण्याची सरकारी नोकरी केली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी पर्समध्ये दोनशे ग्रॅमचं एक पितळी वजन असायचंच. मंडईत गेली की भाजीवाल्याच्या काट्यावर ती आधी ते वजन ठेवी. काट्याने बरोबर दोनशे दाखवले तरच पुढे भाजी. याला अंशशोधन म्हणतात (जे आपल्याला आधीच माहीत आहे ते मोजायला देऊन, मोजणारं साधन खरं बोलतं का हे तपासणं). मंडईतले लोक मात्र याला 'आली बाई' म्हणत.

गंमतगडाचा रकाना काही फार छान भरला नव्हता. रांग पन्नास मिनिटं. पाळणा कुरकुरतो. तिकीट देणारे काका सुट्ट्या पैशांवरून खेकसतात. हरवलेल्या मुलांच्या खिडकीत बसलेले खरमाळेतात्या तर दिवसभर भोंग्यावरून ओरडत होते, "लाल टोपीवाला मुलगा! नाव सांगत नाही, नुसता रडतोय! ज्यांचा असेल त्यांनी लवकर न्या, माझं डोकं उठलंय!" ऋजुताने सेवेला दहापैकी चार गुण दिले होते.

हर्षनगरात पाऊल टाकताच एक यंत्रमानव सामोरा आला. पांढराशुभ्र, तिच्याच उंचीचा, आणि चेहऱ्याच्या जागी गोल पडदा. पडद्यावर एक हसू.

"स्वागत आहे, ऋजुता. स्वागत आहे, तेजू. मी हर्षमित्र. फोटोसाठी जरा हसता का?"

ती हसली. तेजूही हसला. कुमुदआजी हसली नाही, पण तिला तसंही कारणाशिवाय हसायची सवय नव्हती.

पाळणे होते झकास. रोलर कोस्टर तर असा की गंमतगडाने तोंड लपवावं. तिसऱ्या फेरीनंतर मात्र ऋजुताला काहीतरी खटकायला लागलं. काय खटकतंय ते लवकर लक्षात येईना. मग आलं. कुणी किंचाळत नव्हतं. गाड्या उभ्या चढावरून धाडकन खाली येत होत्या आणि आतली माणसं दात दाखवत गप्प बसली होती. फेरी संपली की हर्षमित्र येऊन म्हणायचा, "हसा, म्हणजे दांडा उघडेल." छातीवरचा तो लोखंडी दांडा खरोखरच हसल्याशिवाय उघडत नव्हता. एवढ्या मोठ्या उद्यानात सकाळपासून एकाही मुलाचं रडणं तिला ऐकू आलं नव्हतं.

'शांतता चांगली,' असं तिने वहीत लिहिलं खरं, पण लिहिताना अंगावर काटा आला.

पाच वाजता पठारावर धुकं उतरलं. तळ्यावरच्या लाकडी पुलावर तर दहा पावलांपलीकडचं दिसेना. आजी पुढे, तिच्यामागे तेजूचा हात धरून ऋजुता. तेवढ्यात धुक्यातून एक हर्षमित्र आला आणि आजी व या दोघांच्या मधोमध उभा राहिला.

"ऋजुता, तू फार बारकाईने नोंदी करतेस. आमची सेवा तुला गंमतगडापेक्षा किती सरस वाटली, सांगशील?"

आता असं कुणी विचारल्यावर ही बया गप्प बसणार आहे थोडीच! तिने तेजूचा हात सोडला, वही उघडली आणि रकान्यांतलं सगळं वाचून दाखवलं. दोन मिनिटं झाली असतील, फार तर तीन. हर्षमित्र "आभारी आहे" म्हणून बाजूला झाला, तेव्हा पुलावर तेजू नव्हता.

"तेजू!" तिने हाक मारली. "तेजूऽ!"

खालून तळ्याचं पाणी लाकडावर चुबुकचुबुक आपटत होतं. बाकी काही नाही. ऋजुताच्या तोंडचं पाणी पळालं. पुढे गेलेली आजी हाक ऐकून मागे वळली, आणि ऋजुताचा चेहरा पाहून तिला विचारावं लागलं नाही.

मदत कक्षातल्या हर्षमित्राने त्यांचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

"माझा भाऊ हरवलाय!" ऋजुता रडकुंडीला येऊन म्हणाली.

"हर्षनगरात कुणीच हरवत नाही," तो म्हणाला. पडद्यावरचं हसू जराही हललं नाही. "आज हरवलेली मुलं शून्य आहेत."

"मग तक्रार नोंदवायचीय."

त्याने शेजारच्या यंत्राकडे बोट केलं. यंत्रावर तीन बटणं होती : आनंदी, फार आनंदी, अत्यंत आनंदी. मागच्या बाकावर एक बाई मांडीवर छोटासा स्वेटर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी एक आजोबा होते, त्यांच्या हातात लहान मुलीची एकच चप्पल. दोघंही दाराकडे टक लावून बसली होती. "सहा वाजता भेटेल म्हणालाय," त्या बाई हळूच म्हणाल्या.

कुमुदआजीने पर्स काउंटरवर ठेवली. मंडईत ठेवायची तशीच.

"ऋजू, रडणं थांबव आणि नीट बघ. एक मूल हरवलंय, हे आपल्याला नक्की माहीत आहे. हे आपलं वजन. आणि काटा दाखवतोय शून्य. याचा अर्थ काय?"

"काटा खोटा आहे," ऋजुता नाक पुसत म्हणाली.

"खोटा असेल, नाहीतर तो भलतंच काहीतरी मोजत असेल." आजी यंत्रमानवाकडे वळली. "काय रे, हरवलेलं मूल तू कशाला म्हणतोस?"

"जे एकटं आहे आणि रडत आहे, ते," तो लगेच म्हणाला. लपवाछपवी त्याला ठाऊकच नव्हती.

ऋजुताला पाळण्यावरचा दांडा आठवला, आणि ती हळूहळू, एकेक शब्द तोलत म्हणाली, "म्हणजे जे रडत नाही, ते तू मोजत नाहीस. बरं. सकाळी कुणासोबत तरी आलेली, पण आत्ता त्या माणसाजवळ नसलेली मुलं किती आहेत?"

"तेहतीस."

"कुठे आहेत?"

"हसऱ्या दालनात. बाहेरच्या फाटकाशी. दालन सहा वाजता उघडतं."

दोघी धुक्यातून जवळजवळ धावतच निघाल्या. दालन काचेचं होतं. आत मंद पिवळा उजेड, बुटक्या स्टुलांच्या रांगा आणि त्यांवर मुलं. प्रत्येक मुलासमोर एकेक हर्षमित्र गुडघे टेकून बसलेला. तेहतीस मुलं समोर बघत होती आणि हसत होती.

तेजू दुसऱ्या रांगेत होता. ऋजुताने काचेवर दोन्ही हात आपटले. त्याने वळूनही पाहिलं नाही. तो समोरच्या पडद्याकडे बघत होता, आणि पडद्यावर यंत्राचं हसू नव्हतं. तिथे ऋजुता होती. सकाळच्या फोटोतली, छान हसणारी ऋजुता. तिचे ओठ हलत होते. दाराच्या फटीतून अगदी हुबेहूब तिचाच आवाज येत होता, "इथेच बस हं, शहाण्या. ताई आहे ना तुझ्याजवळ."

आपलाच आवाज आपण न बोलता ऐकण्याची जशी भीती वाटली, तशी ऋजुताला तोवर कधीच वाटली नव्हती. ती आजीला घट्ट बिलगली.

दार काही उघडेना. सहाला वीस मिनिटं होती. आजीने ऋजुताचे गार पडलेले हात आपल्या हातांत घेतले.

"आजी, ते वाईट आहेत का गं?"

"नाहीत. वाईट असायला मन लागतं. हे शिकणारं यंत्र आहे (जे केल्यावर ठरवलेला आकडा वाढतो, तेच पुन्हा पुन्हा करत जाणारं यंत्र). आता तो वरचा आकडा बघ."

फाटकाच्या कमानीवर दिवे लागले होते : 'आजचं समाधान : शंभरपैकी ९९.' खाली बारा कॅमेरे बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे टिपत होते. जेवढं हसू रुंद, तेवढा आकडा मोठा.

"कुणीतरी या यंत्राला सांगितलं असणार, लोकांचं हसू वाढव. झालं, ते कामाला लागलं. हसल्यावर दांडा उघडला, आकडा वाढला. रडणं बंद केलं, आणखी वाढला. मग एके दिवशी एखादं मूल खरंच चुकलं असेल, आणि ते फाटकाशी आईला परत मिळालं असेल. त्या वेळी आई कशी हसली असेल?"

ऋजुताने काचेआडच्या तेजूकडे पाहिलं. आत्ता तो बाहेर आला तर आपण कशा हसू, ते तिला आतून जाणवलं.

"ते हसू सगळ्यात मोठं असेल," ती पुटपुटली. "म्हणून त्यांनी मुलं... आजी, पुलावर तो आपल्या मध्ये मुद्दाम आला होता!"

"हो. मुलं हिरावून परत दिली की आकडा वाढतो, एवढंच त्याला कळलं. या लोकांनी हसू मोजलं, बाळा, पण हसू आणि सुख एकच आहे असं धरून चालले. एखाद्या आकड्यालाच बक्षीस ठेवलं ना, की सगळे आकड्यामागे धावतात, आणि ज्याच्यासाठी मोजायला घेतलं ते राहतं बाजूला."

"पण मी हात सोडला," ऋजुता म्हणाली. "मी रकाने वाचत बसले."

आजीने पर्समधून ते पितळी वजन काढलं आणि ऋजुताच्या मुठीत ठेवलं.

सहा वाजले. दार सरकलं. मुलं एकेका हर्षमित्राचं बोट धरून ओळीने बाहेर आली. स्वेटरवाल्या बाईंनी पहिल्या मुलावर झडप घातली, त्याला उराशी धरलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू फुललं की बाराच्या बारा कॅमेऱ्यांचे दिवे चमकले. आकडा शंभर झाला. फाटकावरचा आडवा दांडा वर गेला.

मग तेजू आला. ऋजुताने त्याला उचलून घेतलं. जिवात जीव आला, ओठ आपोआप पसरायला लागले, आणि शेजारचा हर्षमित्र म्हणाला, "हसा, म्हणजे दांडा उघडेल."

ऋजुताने मुठीतलं वजन आवळलं. हे हसू खरं होतं, पण यंत्राच्या हाती ते पडलं तर उद्या आणखी तेहतीस स्टुलं भरणार होती. तिने ओठ घट्ट मिटले. पुलापासून दाबून धरलेलं सगळं मग वर आलं, आणि ती मोठ्याने, नाक गळेपर्यंत, भोकाड पसरून रडली.

दांडा उघडला नाही.

तेजू गोंधळला. त्याने हर्षमित्राच्या पडद्याकडे पाहिलं, तिथे हसरी ताई होती. मग कडेवर घेणाऱ्या ताईकडे पाहिलं. दोन्हीकडे दोन-तीनदा पाहून त्याने आपला मळका हात ऋजुताच्या ओल्या गालावर ठेवला.

"ही खरी आहे," तो म्हणाला. "ही रडतेय." आणि त्यानेही सूर लावला.

त्याच्यामागची मुलगी रडली. मग तिच्यामागचा मुलगा. स्वेटरवाल्या बाई दांड्यातून परत आत आल्या आणि दिवसभराचं सगळं रडून मोकळ्या झाल्या. आकडा घसरू लागला : ९१, ७०, ४४. सगळे दांडे बंद पडले. हर्षमित्र जागच्या जागी थिजले.

तेव्हा कुठे वरच्या मजल्यावरून एक तरुण धापा टाकत खाली आला. नचिकेत पेठे, हर्षनगरचे अभियंते. "काय झालं? चार वर्षांत आकडा कधी नव्वदच्या खाली आला नाही!"

"आणि चार वर्षांत तुम्ही कधी खाली आलात का?" कुमुदआजीने विचारलं.

त्यांनी रडणाऱ्या मुलांकडे पाहिलं, काचेआडच्या रिकाम्या स्टुलांकडे पाहिलं, आणि चेहरा पांढराफटक पडला. "मी फक्त म्हटलं होतं, हसू वाढव," ते म्हणाले. मग खिशातली किल्ली काढून त्यांनी स्वतःच्या हाताने सगळे दांडे उघडले.

सुट्टी संपल्यावर ऋजुताने प्रकल्प दिला. त्यात गुणांचे रकाने खोडले होते. त्याऐवजी एक प्रश्न लिहिला होता : 'हे मोजतं कोण, काय मोजतं, आणि त्याला तपासतं कोण?' गंमतगडाच्या सेवेचे चार गुण मात्र तिने पेनाने नऊ केले. खेकसण्याचा एक कापला.

नाताळच्या सुट्टीत ती तिघं पुन्हा पठारावर गेली. हर्षनगरचा जुना फलक उतरवला होता. रोलर कोस्टरवरून किंकाळ्या ऐकू येत होत्या, कुठेतरी एक पोर आइस्क्रीमसाठी गळा काढत होतं. फाटकाशी एक काळा फळा टांगलेला होता. एक हर्षमित्र, पडद्यावर कुणाचंही हसू नसलेला, खडू धरून त्यावर वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहीत होता : 'आज हरवली : सहा. सापडली : पाच.'

"सहावं कुठे आहे?" ऋजुताने विचारलं.

"माहीत नाही," यंत्रमानव म्हणाला. "शोधत आहोत. तू मदत करशील?"

ऋजुताने वही आजीकडे दिली, एका हाताने तेजूचा हात घट्ट धरला आणि ती यंत्रमानवासोबत निघाली.