सरकलेली राख

"ताई, राख हलली!" दाढीवाल्या मदतनिसाने शीतखोलीतून हाक मारली.

ताई धावत गेली. तळ्याच्या तळातून काढलेला गाळाचा लांब दांडा पत्र्याच्या पन्हळीत आडवा होता. काल तो उभा चिरला, तेव्हा ज्वालामुखीच्या राखेचा करडा पट्टा खालच्या टोकाजवळ दिसला होता. आज तो मधोमध! फोटो आज काढायचे होते. झालं, बसा आता बोंबलत.

तळ्यात गाळ थरावर थर साचतो. जितका खोल, तितका जुना. पट्टा तळाशी, म्हणजे स्फोट फार जुना. हे सिद्ध करण्यात ताईची उमेदीची वर्षं गेली होती. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या तिच्या सरांच्या पुस्तकात मात्र स्फोट अलीकडचा होता. "पाड की मला खोटं," ते हसत म्हणायचे. वडील गेल्यापासून ताईने त्यांनाच त्या जागी मानलं होतं.

सर आले आणि आधी पन्हळ फिरवली. "वरचं टोक उजवीकडे हवं. उलटं मला वाचता येत नाही."

सगळी प्रयोगशाळा ते डावीकडे ठेवायची. पण सरांपुढे बोलणार कोण?

ताईने सरकलेला पट्टा दाखवला. "तुला भास झाला असेल," सर म्हणाले.

"पट्ट्याच्या कडेला सुरीचे काप आहेत, सर."

सर दाढीवाल्याकडे वळले. "या खोलीची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे," दाढीवाला पुटपुटला. "आणि तुमच्याकडे."

"उद्यापासून तू येऊ नकोस."

ताईने राखेवर भिंग धरलं आणि एकेक कण न्याहाळला.

"सर, गढूळ पाणी ठेवलं की आधी काय बसतं?"

"जाड रेव. हे काय विचारणं झालं?"

"राखही तशीच बसते. जाड कण खाली, पिठूळ वर. इथे जाड कण वरच्या टोकाकडे आहेत. तुकडा कापून नव्या जागी उलटा बसवलाय."

"घाईत कोणाचाही बसेल."

"काल पन्हळीचं वरचं टोक डावीकडे होतं, आज सकाळीही तसंच; म्हणजे रात्री पन्हळ कोणी फिरवली नाही. दाढीवाल्याचा हात तिथे चुकला नसता. तुकड्याची वरची बाजू सवयीने उजवीकडे ठेवणारा इथे एकच माणूस आहे. आणि पट्टा मधोमध आला की खरं ठरतं तेही त्याचंच पुस्तक."

सर मटकन बसले. "जन्मभराचं नाव होतं गं माझं."

"नाव जपायचंय असं नुसतं सांगितलं असतंत, तर मी गप्प बसले असते, सर!" ताई म्हणाली. "तुम्ही मला फसवलंत ते फसवलंत, वर या बिचाऱ्याच्या पोटावर पाय दिलात?"

ताईने पन्हळ पुन्हा फिरवली. वरचं टोक डावीकडे.

"काप दिसतील असे फोटो काढ," ती दाढीवाल्याला म्हणाली. "आणि सरांकडची किल्ली घे."