मलकापूर रस्त्यावरचा दुसरा ठिपका

आमचे अण्णा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, एरवी थापा मारतात. फौजेतल्या गोष्टीत तर दर वेळी दोन शत्रू वाढतात. पण ही सांगताना त्यांचा आवाज उतरतो, म्हणून लिहितोय. मंगळवार पेठेत लाइट गेली होती. आम्ही पोरं कट्ट्यावर.

"विजयसिंह माझ्या पलटणीतला. रडारवर हुता. मागच्या पौषातली अमावस्या. मलकापूरच्या पुढं गवे रस्त्यात येत्यात, म्हणून एका कंपनीनं तिथं रडार लावलतं. ते रात्रभर जीपमधी बसून तपासायचं काम रिटायर झाल्यावर ह्याच्याकडं. एकट्यानं. घरी वाट बघणारं कोण न्हवतंच की. पोरगा आदर्श त्याच रस्त्यावर गेलता, अपघातात."

"पोरगा जिवंत असताना बाप त्याच्याशी धड बोलला नसणार," मी म्हणालो.

"न्हाईच बोलला. आता गप ऐक."

अण्णांनी तंबाखू मळली. खाल्ली नाही.

"पडद्यावर ठिपका आला. माणसाच्या चालीचा. गवा आन् वासरू चिकटून चाललं, तर यंत्राला एकच ठिपका दिसतोय. म्हणून ह्यानं यंत्राची नजर बारीक केली. ठिपका फुटला. दोन झालं. मधी हातभर अंतर. चाल एकच.

जीपच्या उजेडात आला गावातला आकाराम. डेअरीला दूध घेऊन निघालेला.

'बरोबर कोण हाय रं?'

'कोण न्हाय, फौजी. का?'

आकाराम गेला पुढं. त्याचा ठिपका गेला. दुसरा... थांबला.

जे थांबलं, ते यंत्र पुसून टाकतंय. झाडं, दगड दिसू नयेत म्हणून. तसा तोबी पुसला. विजयसिंहानं काच खाली केली. धुकं. कोण न्हाय.

'आदर्श?'

...

ठिपका परत उमटला. हलला. जीपकडं. सावकाश. जवळ. आणखी जवळ...

अगदी जवळचं यंत्राला दिसत न्हाय. ठिपका गेला."



"विजयसिंह पळाला असंल," मी म्हणालो. माझाच आवाज बारीक आला.

"न्हाय. म्हणला, 'ये. बस.' आन् बोलत ऱ्हायला. जलमभर बोलला न्हवता तेवढं."

"मग?"

"उजाडलं. यंत्र बंद करून घरी जावं म्हणून किल्ली फिरवली, आन् शेजारी बघितलं."

अण्णांनी हातातली तंबाखू झाडून टाकली.

"बाजूच्या सीटचा पट्टा लावलेला. मोकळा न्हवता. पुढं ताणलेला. कुणी बसल्यागत."